बेल थांबल्याचा निरोप

आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या लोखंडी कपाटात, हस्तलिखित अंकांच्या गठ्ठ्यांखाली, बिस्किटाच्या एका डब्यात बारा मिनी-डीव्ही कॅसेट आहेत. काडेपेटीहून जराशा मोठ्या. पाठीवर निळ्या शाईत "एकांकिका 2001", "काव्यवाचन 2002", "स्नेहसंमेलन 2004" असं लिहिलेलं. मंडळाचा इतिहास लिहायचा ठराव आपण दरवर्षी करतो आणि दरवर्षी तो पुढच्या वर्षावर जातो. पण त्या इतिहासातली माणसं बोलताना, चालताना, वाक्य विसरून विंगेकडे बघताना कुठे सापडतील, तर ती या डब्यात. त्यातल्या पहिल्या कॅसेटवर माझी आत्या आहे.

आत्या इथेच एम.ए.ला होती. 2001च्या एकांकिकेतल्या तिच्या कामाबद्दल घरी इतक्यांदा ऐकलंय, की ते मी पाहिलंच आहे असं मला वाटायचं. तीन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले. बोलणं नाही सावरलं. तिला सगळं कळतं, मालिकेतल्या सासूवर ती चिडते, बाबांनी चहात साखर जास्त घातली तर लगेच भुवई चढते. फक्त शब्द येत नाही. "हो", "नाही", "अगं" एवढ्यावर तिचा दिवस जातो. फोनमध्ये तिचे जुने निरोप आहेत, पण ते "येताना कोथिंबीर आण" छापाचे. भरल्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तिचा आवाज त्या एका कॅसेटवर आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे कार्डं, स्लॉट आणि चिप येणार आहेत आणि साहित्याच्या अंकात हे कशाला, असं कुणालाही वाटेल.

कॅसेट बघायची म्हटल्यावर सल्ले भरपूर मिळाले. "टीव्हीला लाव आणि मोबाइलने शूट कर" हा सर्वांत लोकप्रिय. दुसरा, कॅमेऱ्याच्या पिवळ्या वायरीला स्वस्तातली एक यूएसबी डबी जोडायची. दोन्हींनी काम होतं, पण जे हाती येतं ते उतरलेलं असतं. मिनी-डीव्ही दिसायला कॅसेट असली तरी टेपवर आकडे असतात. 1995च्या सुमाराला हा प्रकार बाजारात आला. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, तासाभराचे साधारण 13 जीबी. फायरवायर नावाच्या तारेतून ही टेप संगणकात घेतली, तर आकडा जसाच्या तसा उतरतो. पिवळ्या वायरीतून घेतली, तर आकड्यांचं आधी चित्र होतं, त्या चित्राचे पुन्हा आकडे होतात आणि दोन्ही वेळा काहीतरी गळतं. भाषांतरावरून केलेलं भाषांतर म्हणा. टेप जुनी, चालवायला कॅमेरा एकच, तोही मंडळाच्या एका निवृत्त सरांचा. सरांनी तो देताना बजावलं होतं, "एकच टेप पुन्हा पुन्हा फिरवू नकोस बाळ, हेड म्हातारं झालंय माझ्यासारखं." म्हणजे जे काही करायचं ते नीट, आणि शक्यतो एकदाच.

फायरवायरचं भोक एके काळी बऱ्याच संगणकांना असायचं. आता नव्या मशीनवर ते दिसत नाही. अ‍ॅपलने हे तंत्र लोकप्रिय केलं आणि 2025च्या मॅकओएसमधून त्याचा आधार काढूनही टाकला. लिनक्समध्ये ते अजून चालतं. सांभाळणाऱ्यांनी 2029पर्यंत सांभाळू असं जाहीर केलंय. तेव्हा घाई होती, पण गाडी सुटली नव्हती.

आमच्या घरी बाबांनी 2012 साली दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला एक डेस्कटॉप आहे, इंटेलच्या एच61 चिपसेटचा. झाकण उघडलं की आत एक लांब पांढरा स्लॉट दिसतो आणि शेजारी आखूड काळे. पांढरा म्हणजे पीसीआय, इंटेलने 1992मध्ये आणलेला. त्यात सगळी कार्डं एकाच रस्त्याने ये-जा करतात, आळीपाळीने. काळे म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. हे 2003नंतरचं, प्रत्येक कार्डाला स्वतंत्र वाट. नाव सारखं असलं तरी दोघांची बोली पूर्ण वेगळी. बरीच वर्षं इंटेलच्या चिपसेटला दोन्ही बोली यायच्या. 2011च्या आसपास घरगुती संगणकांच्या चिपसेटमधून जुनी बोली काढून टाकली गेली. पण गिऱ्हाइकांकडे जुनी कार्डं होती, त्यांना पांढरा स्लॉट हवा होता. मग बोर्ड बनवणाऱ्यांनी एक छोटी चिप मध्ये बसवली. तिला ब्रिज चिप म्हणतात. एका बाजूला ती पीसीआय एक्सप्रेस बोलते, दुसऱ्या बाजूला पीसीआय. आमचा पांढरा स्लॉट असाच. दाखवायला जुन्या वस्तीतला, पण त्याचा रस्ता नव्या वस्तीतून जातो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि झाकण उघडून बघणाऱ्याला कळायचं कारणही नाही.

सिल्व्हर मॉलमध्ये जुना माल ठेवणाऱ्या एका दुकानात पीसीआयचं फायरवायर कार्ड तीनशे रुपयांत मिळालं. दुकानदाराने ते खोक्याच्या तळातून काढलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "दीदी, ये तो अजायबघर का माल है. चल गया तो मुझे भी बताना." इंदूरमध्ये असा माणूस भेटला की काम झाल्यासारखं वाटतं.

कार्ड बसवलं, संगणकाने ते लगेच ओळखलं, कॅमेरा जोडला, चित्र दिसलं. प्रयोगासाठी सरांनी त्यांच्या गच्चीच्या शूटिंगची एक कॅसेट दिली होती. मोगरा, तुळस, पाण्याची टाकी, पुन्हा मोगरा. चार मिनिटांनी मोगरा गोठला. माउसही अडखळत चालू लागला. पुन्हा सुरू केलं तर नऊ मिनिटं चाललं. तिसऱ्यांदा दोनच. केबल बदलली, कार्ड काढून खोडरबरने त्याचे दात पुसले, रॅम काढून पुन्हा लावली. फरक शून्य. मग लिनक्सची नोंदवही उघडली, तर तिथे एक ओळ होती: "आयआरक्यू 16: नोबडी केअर्ड". मराठीत सांगायचं तर, 'बेल क्रमांक 16: कुणी दखल घेतली नाही.' संगणकाच्या नोंदवहीत इतकं हळवं वाक्य असेल असं वाटलं नव्हतं. त्याच्या खाली लिहिलेलं, क्रमांक 16 बंद करत आहे.

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळं अडलं होतं ते इथेच. संगणकातल्या कार्डाला प्रोसेसरचं लक्ष हवं असलं की ते बेल वाजवतं. तिला इंटरप्ट म्हणतात. जुन्या पीसीआयमध्ये त्यासाठी खरोखरची तार असते. कार्ड ती तार खाली ओढतं आणि आपलं काम होईपर्यंत ओढूनच धरतं. जुन्या वाड्याची एक सामाईक बेल डोळ्यांसमोर आणा. पाहुणा बेल दाबून धरतो, कुणीतरी येऊन "काय हवंय?" विचारेपर्यंत बोट काढत नाही. बेल चार बिऱ्हाडांत मिळून एक, त्यामुळे वाजली की प्रत्येक जण बघतो, माझ्याकडे आलाय का. गैरसोयीचं आहे, पण गोंधळ नाही: वाजतेय म्हणजे कुणीतरी आहे, थांबली म्हणजे काम झालं.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये ही तार नाही. तिथे सगळं निरोपांनी चालतं. म्हणून ब्रिज चिप वॉचमनसारखी दारात बसते. बेल वाजायला लागली की वर निरोप देते, "बेल सुरू झाली". पाहुण्याने बोट काढलं की दुसरा निरोप, "बेल थांबली". हा दुसरा निरोप हरवला की संपलं. खाली पाहुणा कधीच निघून गेलेला असतो, पण वरच्यांच्या लेखी बेल वाजतेच आहे. ते पुन्हा पुन्हा प्रत्येक बिऱ्हाडात विचारतात, तुमच्याकडे कुणी आलंय का? नाही. तुमच्याकडे? नाही. लिनक्स याचा हिशेब ठेवतं. 1 लाख वेळा बेल वाजली आणि त्यातल्या 99,900 वेळा कुणीच "माझ्यासाठी होती" असं म्हटलं नाही, तर ते ती बेलच बंद करून टाकतं. मग त्या बेलवर अवलंबून असलेले सगळेच गप्प होतात. आमच्याकडे माउसवाला यूएसबीचा भागही 16 क्रमांकावरच होता, म्हणून तोही लंगडला.

आमच्या बोर्डावरच्या चिपचं दुखणं नेमकं हेच होतं. मला सगळे पुलाच्या रुंदीबद्दल सांगत होते: जुनं कार्ड, मध्ये चिप, वेग कमी पडत असणार. वेगाचा प्रश्नच नव्हता. डीव्हीला सेकंदाला चार मेगाबाइटसुद्धा लागत नाहीत, आणि जुन्या पीसीआयची क्षमता 133ची. माल सगळा पोचत होता. पोचत नव्हता तो एक बारकासा निरोप, की झालं, आता थांबा.

लिनक्समध्ये यावर एक उतारा आहे. सुरू करताना 'आयआरक्यूपोल' हा शब्द द्यायचा, म्हणजे प्रोसेसर एका बेलवर न विसंबता सगळ्यांच्या दारात डोकावत राहतो. मी तो दिला. गोठणं बंद झालं, पण मधली चित्रं गळायला लागली. सरांचा मोगरा वाऱ्यावर डोलायचा सोडून उड्या मारायला लागला. गच्चीच्या शूटिंगला हे चाललं असतं. एकांकिकेत दोन चित्रांच्या मध्ये एक शब्द जातो.

"अगं, सरळ नवीन कार्ड घे ना, काळ्या स्लॉटचं," असं माझा मावसभाऊ म्हणाला. तशी कार्डं मिळतात. गंमत अशी, की त्यातल्या काहींच्या आतही हाच प्रकार आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एक्सआयओ2213 या चिपमध्ये पीसीआय एक्सप्रेसपासून पीसीआयपर्यंतचा पूल आणि पलीकडे फायरवायर, दोन्ही एकाच काळ्या चौकोनात बसवलेले आहेत. नवं म्हणून घ्यावं आणि आत जुनंच बसलेलं असावं. याचा अर्थ पूल ही काही लाजिरवाणी तडजोड नाही. पूल चांगला हवा, इतकंच.

तो चांगला पूल पीथमपूरकडच्या कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे मिळाला. असल्या वस्तूंना खरं गिऱ्हाईक आपण हौशी लोक नव्हेच. कारखान्यात लाखोंचं यंत्र एका पीसीआय कार्डावर चालत असतं. संगणक मरतो, नवा आणावा तर त्यात पांढरा स्लॉट नाही. कार्ड बदलावं तर सॉफ्टवेअर बदलावं लागतं, आणि ते लिहिणारी कंपनी कधीच बंद झालेली. मग पुलाचा अडॅप्टर लावतात: काळ्या स्लॉटमध्ये बसणारी एक पट्टी, तिच्यावर ब्रिज चिप, आणि वर पीसीआयचा स्लॉट. काकांनी भिंग दिलं आणि म्हणाले, "खोक्यावरचं नाव वाचू नकोस, चिपवरचं वाच." त्यांच्या खणात तीन प्रकार होते. मी पीएलएक्सची पीईएक्स8112 निवडली, कारण त्याच चिपवर त्यांचं एक यंत्र कितीतरी वर्षं दिवसरात्र चालू होतं. याहून मोठं प्रमाणपत्र मला कुठे मिळणार?

पट्टीच्या कडेला विजेचं एक वेगळं सॉकेट होतं. काळ्या स्लॉटमधून 12 आणि 3.3 व्होल्ट मिळतात. जुन्या कार्डांना लागतात ते 5 व्होल्ट तिथे नसतातच. ते संगणकाच्या एसएमपीएसमधून वेगळी वायर ओढून द्यायचे. पीसीआय कार्डाच्या खालच्या कडेला जी खाच असते, तिची जागाही यासाठीच: 5 व्होल्टवालं कार्ड 3.3च्या स्लॉटमध्ये चुकूनही बसू नये म्हणून. दोन खाचा असतील तर कार्ड दोन्हीकडे चालतं. माझ्या अजायबघरच्या मालाला दोन खाचा होत्या. हे सांगताना काका खुश झाले होते, जणू मुलीची पत्रिका जुळली.

त्यांच्या फळीवर याहूनही जुनं, आयसा प्रकारचं एक हातभर कार्ड होतं. ते बघून मला आमच्या मॅडमनी सांगितलेलं जिस्ट कार्ड आठवलं. डॉसच्या काळात संगणकाला देवनागरी यायची नाही, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकचं हे कार्ड स्लॉटमध्ये बसवलं की पडद्यावर मराठी उमटायची. म्हणजे आपली लिपीसुद्धा संगणकात आली ती काही काळ एका कार्डाच्या रूपाने. मी काकांना विचारलं, ते कार्ड आज असल्या पुलावर चालेल का? म्हणाले, एका पुलाने नाही व्हायचं, आयसाच्या काही तारा पीसीआयलाच नाहीत, तर पूल त्यांचं भाषांतर करणार कशात? पण त्याची फार हळहळ करायचं कारण नाही. त्या काळी लिहिलेला मजकूर इस्कीच्या ठरलेल्या संकेतांत असेल, तर तो आजही युनिकोडमध्ये उलगडता येतो. 1991पासून त्याचं भारतीय मानक आहे. अक्षराचा आकडा एकदा कागदावर ठरला की यंत्र गेलं तरी चालतं. टेपचं तसं नाही. तिला फिरवणारा कॅमेरा हवा, ती बोली समजणारं कार्ड हवं आणि त्या कार्डाला आत घेणारं दार हवं.

अडॅप्टर बसवल्यावर कार्ड इतकं उंच झालं की झाकण लागेना. संगणक उघडाच ठेवला, कार्डाला दोन पुठ्ठ्यांचा टेकू दिला. लिनक्सला सगळी कार्डं झाडासारखी दाखवायला सांगितली: मूळ, त्यातून एक फांदी, फांदीवर पूल, पुलाच्या पलीकडे शेवटी फायरवायर. आधी सरांची गच्ची. तासभर मोगरा डोलला. नोंदवहीत एकही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी फॅन बंद करून (धूळ उडू नये म्हणून, आई म्हणाली, "मे महिन्यात?") एकांकिका 2001 लावली.

चित्र आलं. पहिली सहा मिनिटं पडदा उघडायची वाट बघणारे लोक, खुर्च्यांचा आवाज, कुणाचं तरी बाळ. मग डावीकडून आत्या आली. कॉटनची साडी, वेणी, हातात कंदील. आवाज मात्र ओळखायला मला क्षणभर लागला. मी लहानपणी ऐकलेल्या आत्याच्या आवाजाहून तो खालचा होता, सावकाश, प्रत्येक शब्दाला जागा देणारा. बावन्नाव्या मिनिटाला टेपच खराब झालीय; तिथे तीन-चार सेकंद चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. ते कुठल्याही कार्डाने परत येणार नाही.

संध्याकाळी आत्याला दाखवलं. बाबा मागे उभे होते, बसले नाहीत. आत्या स्वतःकडे फारशी बघत नव्हती. तिचं लक्ष समोरच्या नटाकडे; तो एका ठिकाणी वाक्य विसरतो, हे तिला तो विसरायच्या आधीच आठवलं आणि ती हसायला लागली. नंतर तिचं मोठं स्वगत आलं तेव्हा तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण ओठ पडद्यावरच्या आवाजाच्या किंचित पुढे होते. जिथे चौकोन येतात आणि आवाज तुटतो, तिथेही ते थांबले नाहीत. संपल्यावर तिने बोटाने गोल करून दाखवलं, पुन्हा लाव. बाबा म्हणाले, "आता जेवून घेऊया, ताई." ती म्हणाली, "नाही."

त्या तीन-चार सेकंदांत काय वाक्य होतं ते संहितेत असणार. मंडळाकडे 2001ची संहिता सापडत नाही. कुणाकडे त्याची झेरॉक्स असेल, तर मला हवी आहे.

आतापर्यंत पाच कॅसेट उतरल्यात. सात बाकी आहेत; त्यातल्या 2004च्या कॅसेटवर पांढुरकी बुरशी दिसते, ती कॅमेऱ्यात घालायची की नाही हे सरांना विचारून ठरवू. संगणक आता मंडळाच्या खोलीत आणलाय, झाकणाशिवाय, पुठ्ठ्यांच्या टेकूसकट. दर शनिवारी दुपारी दोननंतर मी तिथे असते. तुमच्या घरी अशा कॅसेट असतील तर घेऊन या. फक्त येताना टेबलाला धक्का लावू नका.